यंत्राचं तोंड कुणाकडं?

गावच्या दूध संस्थेत नवं यंत्र आलं आणि कुणी कुरकुर केली, की शहाणी माणसं लगेच म्हणतात, "शेतकरी अडाणी, त्याला नवं नको असतं." हे मला मान्य नाही. ज्यानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला, पाटाचं पाणी सोडून ठिबक अंथरलं, गावठी गाय सोडून होल्स्टीन दावणीला बांधली, तो डब्याएवढ्या यंत्राला कशाला भ्यायचा?

पूर्वी आमच्या संस्थेत गर्बर पद्धतीनं फॅट काढायचे. काचेच्या नळीत 10 मिली ॲसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अल्कोहोल घालायचं आणि नळ्या गरागरा फिरवायच्या. वेळ जायचा, ॲसिडनं टेस्टरचे हात पोळायचे. पण नळीत वर आलेला पिवळा थर सगळ्यांना दिसायचा. घातलेल्या दुधाचा हिशोब डोळ्यांपुढं व्हायचा. आता यंत्र मिनिटाभरात फॅट आणि एसएनएफ सांगतं. चांगलंच आहे की! पण त्याचं तोंड सचिवाकडं अन् पाठ आमच्याकडं.

गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. पॉइंट खाली गेला की पैसे कापले. तो पॉइंट दुधानं घालवला का यंत्रानं, हे कुणी सांगायचं? बहुतेक संस्थांतली ही यंत्रं दुधातून ध्वनिलहरी सोडून आकडा काढतात. आतली नळी नीट धुतली नाही, गायीचं-म्हशीचं सेटिंग बदललं नाही, दुधात बुडबुडे राहिले, की आकडा हलतो. म्हणून अधूनमधून गर्बरशी ताडून यंत्र जुळवून घ्यावं लागतं. आमच्याकडं ते शेवटचं कधी झालं, असं विचारलं तर उत्तर काय, "मशीन खोटं बोलत नाही." अहो, तराजू तरी कुठं खोटं बोलतो? खोटं असतं ते माप.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. पडदा दूध घालणाऱ्याकडं फिरवा. महिन्यातून एकदा चार सभासदांसमोर यंत्र ताडून बघा आणि आकडे फळ्यावर लिहा. तक्रार आली तर त्याच नमुन्याची गर्बर करा. जुन्या टेस्टरला घरी बसवू नका, त्यालाच यंत्र शिकवा. दुधाची पारख त्याच्याकडं आहे. एवढं वार्षिक सभेत ठरवायला काही खर्च येत नाही. यंत्राला पैसे सभासदांचे लागले, मग आकडा सभासदाला दाखवायला लाज कसली?