नीरेच्या दोन्ही तीरांची हॉकी

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे क्षेत्र वाढवावयाचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नवा संघ कोणाचा घ्यावयाचा? हा प्रश्न बहुधा प्रतिष्ठेच्या तराजूत तोलला जातो. ज्या संस्थेची इमारत मोठी, विद्यार्थिसंख्या मोठी आणि चालकांचे वजन मोठे, तिचा मान पहिला, असा अलिखित संकेतच पडून गेला आहे. महाविद्यालयीन हॉकीची मुळे पुणे शहराच्या वेशीबाहेर रुजवावयाची झाल्यास प्राधान्य बारामतीला द्यावे की इंदापूरला, याचा निर्णयही त्याच संकेताने होण्याचा धोका आहे. म्हणून हा प्रश्न निराळ्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे ठरते.

ही कसोटी म्हणजे शेजार. खेळ मैदानावर वाढतो हे खरेच. परंतु मैदानाइतकीच त्याला गरज असते ती वारंवार भेटणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची. धनराज पिल्ले खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढला आणि १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक स्पर्धा खेळला. त्याचे गुण असामान्य होते, यात शंका नाही. तथापि अशा गुणांना धार चढते ती हॉकीचे वेड असलेल्या वस्तीत, संध्याकाळ झाली की समोर दुसरा संघ उभा राहतो म्हणून. वर्षातून एकदा लांबचा प्रवास करून एकच सामना खेळणाऱ्या संघाला हे भाग्य लाभत नाही.

नेमकी हीच आपत्ती ग्रामीण महाविद्यालयांच्या वाट्याला येते. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. आज सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाचे क्षेत्र प्रामुख्याने पुणे, नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांत पसरले आहे. महाविद्यालयाने आपल्या विभागात खेळावे, विभागाच्या निवडक संघाने आंतरविभागीय स्पर्धेत उतरावे आणि त्यातून निवडलेला विद्यापीठाचा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेस जावा, अशी ही उतरंड आहे. निवडीसाठी ती योग्यच आहे. परंतु बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिलाच सामना हरलेल्या संघाचा हंगाम तासाभरात संपतो. दोन महिने पहाटे उठून केलेल्या सरावाचे फळ एवढेच असेल, तर पुढच्या वर्षी हाती स्टिक घेण्यास किती विद्यार्थी येतील?

आता नकाशाकडे पाहावे. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून सुमारे एकशे चाळीस. नाशिकचे अंतर तर बारामतीहून अडीचशेच्याही पुढे. उलट नीरा ओलांडली की फलटण बारामतीपासून अवघ्या तीसेक किलोमीटरवर आहे आणि याच फलटण तालुक्याने अक्षता ढेकळे व वैष्णवी फाळके या दोन मुली भारताच्या महिला हॉकी संघाला दिल्या आहेत. कबड्डी-खोखोच्या मुलखात हॉकीचे खूळ कशाला, असे विचारणाऱ्यांना याहून चोख उत्तर देण्याची गरज नाही. माती तीच, ऊस तोच, शेतकऱ्याचे घरही तसेच. नदीच्या एका तीरावर जे उगवले ते दुसऱ्या तीरावर उगवणार नाही, असे मानण्यास काहीही आधार नाही.

अडचण नदीची नाही. विद्यापीठांच्या सीमारेषेची आहे. फलटणचे मुधोजी महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात, इंदापूरहून हाकेच्या अंतरावर असलेले अकलूज सोलापूर विद्यापीठाच्या क्षेत्रात, आणि बारामती-इंदापूर पुण्याच्या. एस. टी.च्या गाडीने सकाळी जाऊन सायंकाळी परतता येईल असे प्रतिस्पर्धी कागदोपत्री परके ठरतात आणि मुक्काम करावा लागेल असे प्रतिस्पर्धी स्वकीय ठरतात. परीक्षा व पदव्या यांच्या सोयीसाठी आखलेल्या या रेषा खेळाच्या मैदानावरही पाळल्या जाव्यात, हा कोणता न्याय?

याबाबतीत अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाविश्वाचा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथील महाविद्यालये आपापले स्पर्धासंघ बनवून वर्षभर परस्परांशी खेळतात. बर्फावरील हॉकीत २०१३ साली ‘बिग टेन’ या धनाढ्य विद्यापीठांच्या गटाने आपली स्वतंत्र स्पर्धा सुरू केली. त्यासाठी मोठे संघ बाहेर पडताच १९७१ पासून चालत आलेली एक जुनी स्पर्धा मोडली. २०२१ साली सात महाविद्यालयांनी ती पुन्हा उभी केली. परंतु त्यांनी ज्यांना मागे सोडले त्यांत अलाबामा राज्यातील हंट्सव्हिलचा संघ होता. कोणत्याही स्पर्धेत प्रवेश न मिळाल्याने त्याच वर्षी तेथील हॉकी स्थगित झाली. संघ कोणाला हवा आहे, हे पाहून वर्तुळे आखली गेली. कोणाचे काय होईल, हे कोणी पाहिले नाही. सधन देशात जे घडले ते आपल्याकडे घडण्यास वेळ लागणार नाही.

मग पहिला मान कोणाचा? शेजाराची कसोटी लावली तर तो बारामतीचा ठरतो. याचे कारण बारामतीचे राजकीय वजन नव्हे. १९६२ साली स्थापन झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि विद्या प्रतिष्ठानचे महाविद्यालय ही दोन्ही एकाच गावात आहेत. दोघांनी संघ उभे केले, तर प्रवासाला एक पैसाही न खर्चता दर आठवड्याला सामना होऊ शकेल. म्हणजे निवडावयाचे ते एक महाविद्यालय नव्हे, तर दोन. आणि आरंभ मुलींच्या संघांनी व्हावा, कारण शेजारी फलटणने वाट त्यांच्यासाठी पाडून ठेवली आहे.

परंतु या मानाला एक अट असावी. बारामतीने आपल्याबरोबर इंदापूरला घ्यावे. इंदापूर तालुका शिक्षण प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयाला अकरा जणांचा संघ आरंभीच उभा करणे जड जाईल, असा आक्षेप येईल. त्यावरही मार्ग आहे. लहान मैदानावर पाच-पाच खेळाडूंनी खेळावयाच्या हॉकीला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता आहे. तिच्या २०२४ साली मस्कत येथे झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या महिला दुसऱ्या आल्या. इंदापूरने पाचांपासून सुरुवात करावी, अकरांपर्यंत पोहोचावे. बारामती, फलटण, इंदापूर व अकलूज यांनी विद्यापीठांच्या निवडस्पर्धांना धक्का न लावता आपसांत साखळी सामने खेळावेत. त्यासाठी नियमांत क्रांती नको. चार प्राचार्य आणि चार क्रीडाशिक्षक एका मेजाभोवती बसले तरी पुरे, आणि विद्यापीठांनी अशा सामन्यांना आडकाठी न करता मान्यता द्यावी.

कृत्रिम हिरवळीचा प्रश्न उरतो. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि चार वर्षांपूर्वीपर्यंत कधीही पदकाविना न परतलेला भारत सातव्या क्रमांकावर घसरला, ही जखम जुनी आहे. मातीवर शिकलेला खेळाडू पुढे अडखळतो, हे म्हणणे खोटे नाही. तथापि कोट्यवधींचे मैदान आल्याशिवाय खेळच सुरू करावयाचा नाही, हे म्हणणे विहीर खणेपर्यंत पाणीच न पिण्यासारखे आहे. निवड झालेल्या मुलामुलींना पिंपरीच्या नेहरूनगरातील किंवा बालेवाडीच्या मैदानावर सरावाची संधी विद्यापीठाने द्यावी. गावाकडे हवे आहे ते सपाट मैदान, सांगून जाणारा नव्हे तर टिकून राहणारा मार्गदर्शक, आणि सामन्यांचे वर्षभराचे वेळापत्रक. विद्यार्थ्यांकडून दरवर्षी घेतल्या जाणाऱ्या क्रीडाशुल्काचा याहून रास्त विनियोग कोणता?

इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते. तोवर दोन्ही नद्या अनेक जिल्ह्यांच्या शिवारांना पाणी देत येतात. ते पाणी कोणत्या विद्यापीठाचे, असे कोणी विचारीत नाही. स्पर्धेचे वर्तुळ रुंदावताना क्रीडामंडळांनी एवढे भान ठेवले, तरी सत्राच्या आरंभी मैदानावर येणारी मुले सत्राच्या अखेरीसही तेथेच दिसतील.