शिबिरात एक मोजपट्टीही ठेवा

चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांत आणि विहारांत आरोग्य शिबिरे भरतात. रक्तदाब, साखर आणि चष्म्याचा नंबर तपासला जातो. काम चांगलेच आहे. पण त्या टेबलावर एक मोजपट्टीही असावी आणि उंच, सडपातळ मुलामुलींकडे दोन मिनिटे जास्त पाहिले जावे, असे आमचे म्हणणे आहे.

वस्तीत असा मुलगा दिसला की आजी म्हणते, "खाल्लेलं अंगाला लागत नाही." शेजारी म्हणतात, "उंची आहे, पोलीस भरतीला पाठवा." मग पहाटे सोळाशे मीटरचा सराव सुरू होतो. अशी बहुतेक मुले ठणठणीत असतात. पण साधारण पाच हजारांत एकाला मारफान सिंड्रोम नावाचा जन्मजात आजार असतो, आणि तो बाहेरून फक्त 'अंगकाठी' वाटतो.

आपल्या शरीराला ताणून पुन्हा जागेवर आणणारे तंतू असतात. त्यांतले इलॅस्टिन हे प्रथिन रबरासारखे ताणले जाते. फायब्रिलिन हे दुसरे प्रथिन बारीक धाग्यांचा सांगाडा उभा करते आणि इलॅस्टिन त्यावर बसते. मारफानमध्ये फायब्रिलिन बनवणाऱ्या जनुकातच बिघाड असतो. हा दोष १९९१ साली सापडला. डोळ्यातले भिंग याच धाग्यांवर टांगलेले असते, म्हणून ते सरकते. हाडांची वाढ लांबट होते, पाठीचा कणा वाकतो. हृदयातून निघणारी महाधमनी प्रत्येक ठोक्याला फुगून पूर्ववत होते. तिची भिंत कमजोर असली तर ती जुन्या इलॅस्टिकसारखी सैल पडत जाते. शेवटी गोधडीची शिवण उसवून थर सुटावेत तसे तिच्या भिंतीचे थर सुटतात. त्यात काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

अमेरिकेची कृष्णवर्णीय व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन साडेसहा फुटांच्या आसपास उंच होती. १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये तिच्या संघाने रौप्यपदक मिळवले. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर कोसळली आणि गेली. वय ३१. आजार कळला तो शवविच्छेदनात. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच आजार निघाला आणि वेळेवर शस्त्रक्रिया करता आली. बहिणीला जे मिळाले नाही ते भावाला मिळाले, आणि फरक फक्त तपासणीचा होता.

घरी काय पाहावे? अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटली तर त्याचे टोक करंगळीच्या बाजूने पूर्ण बाहेर येते का? दोन्ही हात पसरून मोजलेले अंतर उंचीपेक्षा बरेच जास्त आहे का? १७० सेंटिमीटर उंचीला १७९ च्या वर, असे. छाती आत दबलेली किंवा पुढे आलेली, पाठ वाकडी, लहानपणीच मोठा नंबर, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले, यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळल्या तर सरकारी रुग्णालयात टूडी इको करून घ्यावा. तोवर भरतीचा सराव आणि जड वजन उचलणे थांबवावे. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली तर घरी थांबू नये. हा आजार असलेल्या मुलीने गरोदरपणाआधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटायलाच हवे.

आजार मुळातून जात नाही, पण आवरता येतो. १९७२ च्या एका पाहणीत अशा रुग्णांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३२ होते. आज गोळ्या, नियमित इको आणि वेळेवर शस्त्रक्रिया यांमुळे माणसे सत्तरीपर्यंत जगतात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

अडचण अशी की डोळ्यांचा डॉक्टर चष्मा देतो, हाडांचा डॉक्टर पट्टा देतो आणि हृदयाकडे कोणी पाठवतच नाही. ही गाठ शिबिरातच मारता येईल. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांनाही पालकांनी हे विचारावे.

आणखी एक. असे मूल निघाले की सुनेला बोल लावला जातो, नाहीतर मागच्या जन्माचे पाप काढले जाते. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला या जाळ्यातून बाहेर काढले. आजारपणात पुन्हा त्यात पाय घालू नये. बुद्धाने प्रत्येक गोष्टीचे कारण शोधायला शिकवले आणि इथे कारण सापडलेले आहे. आई किंवा वडील, कोणा एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे चौथाई रुग्णांच्या घरात तर आधी कोणालाच तो नसतो. दोष कोणाचाच नाही. मात्र एकाला निघाला की आई-वडील आणि सगळ्या भावंडांचा इको व्हायला हवा.

पुढच्या शिबिराची बैठक विहारात बसेल तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सामानाच्या यादीत मोजपट्टी लिहावी आणि जवळच्या रुग्णालयात इको कोणत्या दिवशी होतो, ते विचारून फलकावर लावावे.