देव्हाऱ्यातली राणी आणि रणांगणातली राणी

जबलपूरच्या विजय नगर या वस्तीच्या नावात विजय आहे. ज्या राणीचे नाव या शहराच्या विद्यापीठाने १९८३ मध्ये धारण केले, तिची कीर्ती मात्र एका पराभवावर उभी आहे. गढामंडल्याची राणी दुर्गावती २४ जून १५६४ रोजी नर्रई नाल्याच्या परिसरात आसफखानाच्या मोगल फौजेशी लढताना पडली. तिची समाधी बरेल्याजवळ आहे. तेथे जाणारे लोक पांढरे दगड वाहतात आणि जवळच्या दोन मोठ्या शिळा म्हणजे राणीचे दगड झालेले नगारे होत, अशी आख्यायिका सांगतात. लोकमानसाची ही श्रद्धा कोणी हसण्यावारी नेऊ नये. ती शोकाची भाषा आहे. प्रश्न निर्माण होतो तो हीच भाषा चरित्रकार आणि कादंबरीकार उचलतात तेव्हा.

या दैवतीकरणाची सुरुवात राजदरबारातच झाली. हृदयशाहाच्या कारकीर्दीत, १६६७ साली कोरलेल्या रामनगरच्या संस्कृत शिलालेखात दुर्गावती सूर्यमंडल भेदून परमपदास जाते. राणीच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम एक शतक लोटले होते. वंशाचे माहात्म्य गाणे हे प्रशस्तिकवीचे कामच होते. तथापि या प्रशस्तीत लढाईच्या आदल्या रात्रीला जागा नाही.

ती रात्र सापडते शत्रूच्या दरबारी इतिहासात. अकबराचे सार्वभौमत्व न मानणे हा अबुल फजलच्या लेखी राणीचा गर्व होता. त्यामुळे तो काही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. परंतु त्याच्या ‘अकबरनाम्या’तली दुर्गावती माणूस आहे. मोगल सैन्य चालून आले तेव्हा तिची फौज पांगलेली होती आणि हाताशी अवघे पाचशे लोक होते. दिवाण आधार याने सैन्य जमेपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला. पहिल्या दिवशी घाटातल्या चकमकीत राणीची सरशी झाली. त्या सायंकाळी तिने सरदारांना विचारले : आता काय करावे? तिचे स्वतःचे मत स्पष्ट होते. रात्रीच छापा घालावा, नाही तर सकाळी आसफखान तोफखाना आणून घाटाचे तोंड धरील. कोणीही रुकार दिला नाही. सकाळी तिने सांगितले होते तेच घडले. मुलगा जखमी झाला, त्याला सुरक्षित स्थळी पोचविण्याच्या निमित्ताने बरीच फौज मागे सरली आणि राणीपाशी सुमारे तीनशे माणसे उरली. बाण लागून ती घायाळ झाली. आधारने तिला ठार करण्याची तिची आज्ञा मानली नाही, तेव्हा तिने कट्यार स्वतःच चालविली.

अचूक निदान करूनही स्वतःच्या सरदारांना पटवू न शकलेली ही शासनकर्ती आहे. देवीला असा प्रसंग येत नाही. देवीला सल्लामसलत करावी लागत नाही, तिची फौज पांगत नाही, तिचा निर्णय चुकूही शकत नाही. मग तिच्या धैर्याला अर्थ तरी कोणता उरतो?

मराठी साहित्याला हा प्रश्न नवा नाही. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकात वसंत कानेटकरांनी छत्रपतींना घरच्या कलहात सापडलेला पिता म्हणून रंगभूमीवर आणले आणि प्रेक्षकांनी ते स्वीकारले. शेजवलकरांनी पानिपताचे विवेचन करताना शोकगीत बाजूस ठेवले. नरहर कुरुंदकरांनी तर ‘श्रीमान योगी’ या कादंबरीच्याच प्रस्तावनेत राज्यकर्त्याची बुद्धी आणि त्याची धोरणे यांचा चमत्काराविना विचार मांडला. कादंबरीपेक्षा ती प्रस्तावनाच अधिक वेळा वाचावी अशी आहे! एवढे असूनही रूढ चरित्रलेखन १६६५ च्या पुरंदरच्या तहाजवळ आले की पावले उचलते आणि आग्र्याच्या सुटकेकडे धावते. तेवीस किल्ले देऊन बारा राखणाऱ्या पुरुषाने त्या दिवशी कोणता हिशेब केला असेल, याचे कुतूहल त्याला नसते.

जबलपुरात राहणाऱ्या मराठी वाचकापुढे तर याहून अवघड प्रसंग आहे. घरात त्याला मराठ्यांचा इतिहास मुक्तीचा म्हणून मिळतो. ज्या भूमीवर तो राहतो तिची आठवण वेगळी आहे. १७४२ मध्ये पेशव्यांच्या स्वारीत मंडल्याचा राजा महाराजशाह मारला गेला आणि चौथाई बसली. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंड राजवंशाची सत्ताच संपविली. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. दुर्गावतीच्या वंशाचे राज्य अखेरीस मोगलांनी नव्हे, मराठ्यांनी बुडविले, ही गोष्ट वीरपूजेच्या कोणत्याच पोथीत मावत नाही. राज्यकर्त्यांना राज्यकर्ते म्हणून पाहणाऱ्याला मात्र ती समजू शकते : खंडणी, मुलूख, फौजेचा खर्च. अशा वाचकाला दुर्गावती आणि पेशवे यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही.

आणि चंद्रशाहाचे काय? दुर्गावतीच्या पश्चात तिच्या या दिराने दहा गढ अकबराला देऊन उरलेले राज्य मान्य करून घेतले. त्यामुळेच हा वंश आणखी दोन शतके टिकला आणि रामनगरच्या कवीला प्रशस्ती लिहिण्यासाठी दरबार मिळाला. दुर्गावतीवर वृंदावनलाल वर्मांनी हिंदीत कादंबरी लिहिली आणि १९८८ मध्ये तिच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले. किल्ले देऊन राज्य राखणाऱ्या चंद्रशाहाला कादंबरीकार अद्याप भेटावयाचा आहे.