साखळी हे औषध नव्हे

एखाद्या मनोरुग्णाने कोणावर हल्ला केल्याची वार्ता आली की समाजाचा निवाडा ठरलेला असतो : अशा माणसास बांधून ठेवावे. हा निवाडा भीतीचा आहे, विवेकाचा नव्हे.

स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजेच छिन्नमनस्कतेच्या, रुग्णांकडून हिंसा घडतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. इतरांच्या मानाने तिचे प्रमाण त्यांच्यात काहीसे अधिक आढळते. तथापि बहुसंख्य रुग्ण कोणावरही हात उगारीत नाहीत. जो धोका वाढतो, त्याचा मोठा भाग व्यसनाशी आणि उपचारांवाचून बळावलेल्या संशयाशी निगडित असतो.

या विकारात केवळ भास होतात असे नाही. अवधान, स्मरण, नियोजन आणि दुसऱ्याच्या मुद्रेवरील भाव ओळखण्याची शक्ती, हीही क्षीण होतात. ही क्षीणता हिंसेस थेट कारण होते काय, याविषयी संशोधकांत एकमत नाही. परंतु शेजाऱ्याचे सहज हसू ज्यास कुचेष्टा वाटते आणि सकाळची गोळी घेतली की नाही हे ज्यास स्मरत नाही, त्याने औषधाचा नेम एकट्याने पाळावा ही अपेक्षाच व्यर्थ होय. नेम मोडला की आजार उलटतो.

परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या तालुक्यात हा नेम पाळणे किती कठीण! पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय त्या मानाने जवळ. पण तेथे जायचे तरी रुग्णासह सोबत्याचीही मजुरी बुडते. शिवाय ऊसतोडीस गेलेले कुटुंब कित्येक महिने गावाबाहेर असते. तेवढा काळ औषध कोणी द्यावे?

साखळीने काय साधते, हे तामिळनाडूतील एरवाडीने दाखविले आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तेथे लागलेल्या आगीत साखळदंडात जखडलेले 28 मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले आहे. मात्र साखळी सोडविणाऱ्या कायद्यामागून औषधही घरापर्यंत पोहोचले पाहिजे.

‘देवराई’ चित्रपट पाहून हळहळलेल्या सुशिक्षित वर्गाने आता शासनाकडे नेमकी मागणी करावी : तालुक्याच्या ठिकाणी दरमहा ठरल्या दिवशी तज्ज्ञाची भेट, अखंड औषधपुरवठा आणि स्थलांतरित रुग्णास साखर कारखान्याच्या गावीही औषध मिळण्याची सोय. रुग्णाचे हित आणि शेजाऱ्याची सुरक्षितता यांचा मार्ग एकच आहे.