भाव आणि मूल्य : मुंबई, १८६५

१/ १८६५ साली मुंबईचा शेअरबाजार कोसळला. त्याआधीच्या तेजीला आपण ‘शेअरांचे वेड’ म्हणतो. मला हे नाव सोयीस्कर वाटते. वेड म्हटले की हिशेब तपासावा लागत नाही.

२/ १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली. लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. मुंबईत आलेला पैसा नव्या बँकांत आणि बॅकबेचा समुद्र बुजवू पाहणाऱ्या कंपनीत शिरला.

३/ शेअरचे मूल्य म्हणजे कंपनीच्या भावी मिळकतीतील आपला वाटा, आजच्या पैशांत मोजलेला. बॅकबे कंपनीची मिळकत होती समुद्रातून अजून वर यायची असलेली जमीन! तरी ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या घरात पोहोचला. त्या जमिनीला मिळणारा भाव कापसाच्या तेजीवर आणि ती तेजी युद्धावर अवलंबून होती.

४/ एप्रिल १८६५मध्ये सेनापती ली शरण आला. कापूस उतरला. १ जुलैला मुदतीचे सौदे पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा देणेकऱ्यांचे हात रिकामे होते. बॅकबेचा शेअर २,०००च्या खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५०वरून ८७वर.

५/ समुद्र तोच, आराखडाही तोच. ढासळले ते केवळ एक गृहीतक. म्हणून माझ्या मते त्या पिढीचा दोष लोभापेक्षा न विचारलेल्या प्रश्नात आहे: ही मिळकत कशाच्या आधारावर आणि किती काळ? आज मोबाइलवर शेअर घेणाऱ्या आपणही तो क्वचितच विचारतो. मग त्यांना वेडे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?