दुष्काळाच्या यादीत मजूर कुठे?

कन्नडमध्ये दुष्काळाला 'बर' म्हणतात. याच नावाचा चित्रपट एम. एस. सथ्यू यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढला. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवरील या चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'सूखा' म्हणून आली. दुष्काळी जिल्ह्यातील प्रामाणिक अधिकारी लोकांसाठी धडपडतो आणि राजकारण त्याचे हात बांधते, ही त्याची कथा. पाऊस आभाळ ठरवते, दुष्काळ मात्र सरकार ठरवते!

आमच्या जालना जिल्ह्याने हेच अनुभवले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड, मंठा यादीत आले. जाफराबाद, परतूर, घनसावंगी बाहेर राहिले. राज्यभर ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये १०२१ महसुली मंडळांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली. तेवढ्या दिवसांत आभाळ बदलले होते काय?

पण आमचा सवाल त्याही पुढचा आहे. दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळते काय? जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत. शेतकऱ्याला हे मिळालेच पाहिजे. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला यातले काय मिळणार? २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, झाडांचे पंचनामे झाले. त्या बागांत राबणाऱ्या बायाबापड्यांच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कुणी केला? भूमिहीनाला उरते टँकरची रांग, रोजगार हमीचे काम, नाहीतर मुलांना घेऊन ऊसतोडीला जाणे. या भूमिहीनांत दलित समाज किती मोठा आहे, हे गावोगाव उघड आहे.

१९७२ च्या दुष्काळात लाखो मजूर खडी फोडायला उतरले, म्हणून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. तो मजुरांच्या घामाने मिळवलेला हक्क आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पिकाच्या नुकसानीबरोबर बुडालेली मजुरीही मोजा. दुष्काळ जाहीर होताच मागेल त्याला गावातच काम द्या आणि मजुरी वेळेवर चुकती करा. टँकर आधी वस्तीत उभा करा. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क बजावला. आज त्या पाण्यासाठी पुढाऱ्याच्या दारात हात जोडावे लागू नयेत.

समाजबांधवांनो, पुढची यादी निघेल तेव्हा आपला तालुका तर शोधाच, पण त्यात आपला मजूर आहे की नाही, हेही शासनाला विचारा!