तडीपार शब्दांचा मुक्काम

एखाद्या कलावंताचे काय करावे हे कळेनासे झाले की मराठी समीक्षा त्याला 'समाजशास्त्राचा विषय' ठरवून मोकळी होते. एमसी स्टॅन या नावाने गाणाऱ्या, पुण्याच्या अल्ताफ शेख या तरुणाच्या वाट्याला आजवर हेच आले. त्याच्या गळ्यातल्या साखळ्या, त्याच्या बुटांची किंमत, त्याची भांडणे यांच्या बातम्या भरपूर छापून आल्या. त्याच्या शब्दांविषयी मात्र कोणी गंभीरपणे चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ज्यांनी लिहायचे ते तुम्ही-आम्हीच असल्यामुळे ही तक्रार दुसऱ्या कोणाच्या दारी नेण्यात अर्थ नाही.

कारकिर्दीचा आलेख थोडक्यात सांगायचा तर असा : जन्म ऑगस्ट १९९९चा, वाढ पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतली. संगीताचे रीतसर शिक्षण नाही. २०१८मधील 'वाटा'ने नाव झाले. २०१९मध्ये एमीवे बंटाई या मुंबईच्या नामांकित रॅपरला ललकारणारे 'खुजा मत' आले आणि गदारोळ उडाला. २०२०मध्ये 'तडीपार' आणि २०२२मध्ये 'इन्सान' हे दोन अल्बम आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो 'बिग बॉस'च्या घरात गेला, फेब्रुवारी २०२३मध्ये विजेता होऊन बाहेर पडला आणि पुढच्याच महिन्यात इंदूरला त्याच्या कार्यक्रमाच्या मंचावर करणी सेनेचे कार्यकर्ते चढले. हे सारे घडून गेले तेव्हा त्याला चोविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

आम्ही अडखळतो ते 'तडीपार' या शीर्षकापाशी. हा शब्द पोलीस ठाण्यातला. १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यातील (त्याचे आजचे नाव महाराष्ट्र पोलीस कायदा) पंचावन्न ते सत्तावन्न ही कलमे ज्याला लागतात, त्याला जास्तीत जास्त दोन वर्षे जिल्ह्याच्या हद्दीबाहेर घालवता येते. नोटिशीच्या भाषेत तो 'हद्दपार', वस्तीच्या भाषेत 'तडीपार'. आता 'तड' म्हणजे काठ, किनारा, शेवट. काम 'तडीस नेणे' आणि माणसाला 'तडीपार करणे' ही एकाच मुळाची दोन फळे : पहिल्यात किनारा गाठल्याचे समाधान, दुसऱ्यात किनाऱ्यापलीकडे फेकले जाणे. ज्याने सरकारी शिक्क्याचा हा शब्द उचलून आपल्या पहिल्या अल्बमवर छातीवरच्या बिल्ल्यासारखा लावला, त्याला भाषेचे भान नाही असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही. शिवीला नाव करून घेणे ही दलित साहित्याने आपल्याला शिकवलेली गोष्ट. ती या मुलाने कोणत्या पुस्तकातून घेतली असेल असे नव्हे, आणि म्हणूनच ती अधिक विचार करण्याजोगी आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो : तो तर हिंदीत गातो, मराठीच्या अभ्यासकांनी त्याची उठाठेव का करावी? आमचे उत्तर असे की ती हिंदी दिल्लीच्या आकाशवाणीवरची नाही. 'मेरेको-तेरेको'ची, मराठीच्या मांडीवर वाढलेली ही दखनी वळणाची बोली आहे; मराठीतला 'नको' दखनीत जाऊन 'नक्को' झाला तो काही काल-परवा नव्हे. 'बिग बॉस'च्या घरातून देशभर गेलेला त्याचा 'शेमडी' हा शब्द तर कुठल्याही मराठी आजीच्या तोंडचा. शिवाय आपल्या वाङ्मयेतिहासाला अशी मिसळण नवी नाही. नामदेवांची हिंदी पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत आणि आपण ती अभिमानाने सांगतो. एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आपण वर्गात शिकवतो. संतांच्या हिंदीला दार उघडे आणि ताडीवाला रोडच्या हिंदीला बंद, हा भेद भाषेचा नसून पत्त्याचा आहे. आम्ही हे रोहिणखेडला बसून लिहितो आहोत. सोळाव्या शतकातील मशीद अंगावर वागवणाऱ्या आणि १५९०मध्ये अहमदनगरच्या गादीचा निकाल आपल्या शिवारात लागलेला पाहणाऱ्या या गावाला दखनी आणि मराठी वेगळ्या काढून दाखवा म्हटले तर ते हसेल.

दुसरी गोष्ट रचनेची. आपल्याकडे गीतकार, संगीतकार आणि गायक अशी कामाची वाटणी इतकी रुळली आहे की ठेका रचणाऱ्यालाच शब्दही सुचतात, याचे आपल्याला नवल वाटते. शाहिराकडे डफ होता, पण झीलकरीही होते. इथे संगणकासमोर बसलेला एकच मुलगा ढोलाचा घुमारा ठरवतो, शांततेची जागा ठरवतो आणि त्या जागेत कोणता शब्द पडावा हेही ठरवतो. त्यामुळे त्याची ओळ कागदावर उतरवून तपासली की लंगडी वाटते; तिचा उरलेला पाय ठेक्यात असतो. ऑटोट्यून या यंत्रणेविषयीही असेच. सूर चुकू नये म्हणून निघालेले हे साधन तो आवाज दुखावण्यासाठी वापरतो. रडून बसलेल्या घशासारखा ओलसर, किंचित फाटका स्वर त्यातून येतो. बालपणी आपण कव्वाली गात होतो असे त्याने सांगितले आहे, आणि हेल काढण्याची त्याची सवय पाहता ते पटते. आमच्या मते 'तडीपार'मध्ये हे साधन शब्दाच्या सेवेला आहे. 'इन्सान'मध्ये अनेकदा शब्दच त्याच्या सेवेला लागतात.

उत्साहाच्या भरात काही मित्र त्याला थेट नामदेव ढसाळांच्या रांगेत नेऊन बसवतात. ही घाई आम्हांला मान्य नाही. १९७२च्या 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना अनोळखी शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले, आणि स्टॅन ऐकताना आपल्यालाही ते विचारावे लागतात, हे साम्य खरे. पण ढसाळांच्या कवितेत वस्तीतली बाई ही इतिहासाची साक्षीदार होते. स्टॅनच्या गाण्यांत ती बहुतेक वेळा दगा देणारी तरी असते किंवा मिरवायची वस्तू तरी. उपेक्षेतून आलेला राग खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईवर काढण्यात विद्रोह कसला? वस्तीचा माणूस आहे म्हणून त्याला इथे सवलत देणे म्हणजे त्याला लेखक न मानणे होय. आपण ज्याला लेखक मानतो त्याच्याशी भांडतो.

'बिग बॉस'विषयी फार लिहावेसे वाटत नाही. तरी वऱ्हाडात त्या अंतिम फेरीला वेगळाच रंग चढला होता, कारण उपविजेता ठरलेला शिव ठाकरे अमरावतीचा. ठाकरे हा खेळ मनापासून खेळला. स्टॅन कितीतरी दिवस घरी जायचे म्हणत बसून राहिला आणि तोच जिंकला. बक्षीस एकतीस लाख ऐंशी हजारांचे. कसलेल्या खेळाडूपेक्षा खेळात मन नसलेल्या मुलाला लोकांनी मते का दिली, याची उत्तरे अनेक निघतील. एवढे मात्र झाले, की त्यानंतर तो ऐकला जाण्यापेक्षा पाहिला जाऊ लागला. 'गली बॉय' हा चित्रपट २०१९मध्ये आला तेव्हाही हेच झाले होते : गल्ली सुसंस्कृत घरांत पोचली, पण पडद्यावरून, आणि मुंबईच्या ज्या मुलांच्या आयुष्यावर ती कथा बेतली होती त्यांचे शब्द मागेच राहिले.

इंदूरच्या प्रकाराने आमचे मन आणखी एका कारणासाठी अस्वस्थ झाले. गाण्यांत शिव्या आहेत, बायकांविषयी वाईट बोलले जाते, हा तिथला आक्षेप आमच्या वरच्या आक्षेपाच्या फार जवळचा आहे. फरक इतकाच की आम्हांला गाणे पुरते ऐकून भांडायचे आहे आणि त्यांना ते थांबवायचे होते. हा फरक बारीक वाटेल, पण पुढच्याच महिन्यात तो मोठा झाला. एप्रिल २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर सत्तांतरावरील टीकेच्या रॅपसाठी अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला; पाठोपाठ मुंबईच्या उमेश खाडेवरही. तिथे शिव्या किंवा बायका हा मुद्दाच नव्हता, राजकारण होते. पोवाड्याच्या, वगाच्या परंपरेवर प्रबंध लिहिणाऱ्या आमच्या वर्तुळात त्या दिवसांत याविषयी जेमतेम कुजबुज झाली. ज्यांच्या गाण्याला आपण साहित्य म्हटलेले नाही, त्यांच्या बाजूने साहित्यिक म्हणून उभे राहण्याची वेळ आपल्यावर येत नाही. ही सोय कोणाला होते हे उघड आहे.

अभ्यासक्रमात लगेच काही घालावे असे आमचे म्हणणे नाही. अभ्यास मंडळाने हात लावला की रॅपचाही 'लोकसाहित्याचे प्रकार : टीपा लिहा' होईल. तूर्त आम्ही एवढेच करतो की वर्गात एक गाणे दोनदा ऐकवतो, मुलांना ते उतरवून घ्यायला सांगतो आणि अडलेल्या शब्दांची यादी करतो. या तासाला शिक्षक विचारतात आणि मागच्या बाकावरची मुले सांगतात. 'शेमडी'ला एकही मिनिट लागले नाही. 'नंबरकारी'वर मात्र दोन तास गेले : पोलिसांच्या यादीत नंबर असलेला, की नुसताच पक्का, की दोन्ही? मोताळ्याहून येणारी मुले एक अर्थ सांगतात, मलकापूरची दुसरा, आणि यादीत त्यापुढची जागा आम्ही अजून कोरी ठेवली आहे.